पिशव्यांपाशी कोण बसणार?

३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला. कागदावर निदान प्रत्येकाचं वाक्य पुरं तरी होतं.

बातमी मोठी आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात आपण सगळे घळ उतरायला जातोय. दोन उभ्या कड्यांच्या मधून ओढा खाली येतो, त्याच्या पात्रातूनच आपणही खाली यायचं. कुठे दोरावरून, कुठे गुळगुळीत खडकावरून घसरत, कुठे सरळ डोहात उडी टाकून. कॅन्यनिंग म्हणतात याला. अंगात रबरी पोशाख, डोक्यावर हेल्मेट, पुढेमागे गाइड. तू, भावोजी, मी, ही आणि आमची लेक ठिणगी. तिथे तीन घळी आहेत आणि मी आपल्यासाठी वरची ठरवलीय, सगळ्यात उंच. माहितीपत्रकावर तिचाच फोटो आहे. एवढ्या लांब जायचं आणि बालवाडीत बसून परत यायचं, हे आपल्या घराला शोभणार नाही. गाइडबाईंनी फोनवर बरंच विचारलं, पोहता कुणाकुणाला येतं, उंचीचा त्रास कुणाला आहे, वगैरे. मी सांगून टाकलं की आमची मंडळी सगळी तयारीची आहेत, तुम्ही काळजी सोडा.

तुझी सोय आधीच करून ठेवलीय. घळ संपते तिथे चांगली सावली आहे. तुझ्यासाठी घडीची खुर्ची आणली, हाताशी पेला ठेवायला जागा असलेली. तू पिशव्यांपाशी आरामात बसायचंस, म्हणजे गुडघ्याला त्रास नको. शिवाय तू असलीस की किल्ल्या, चष्मे, पाकिटं यांची चिंता राहत नाही. ते काम तुझ्याइतकं नीट आमच्यापैकी कुणालाच जमत नाही.

बाकी ड्रायव्हिंग स्कूल जोरात. काल एक नवीन बाई सिग्नलला थांबल्या आणि हिरवा लागला तरी थांबूनच राहिल्या. खात्री करून घेतेय म्हणाल्या. मागे हॉर्नचा कल्लोळ. शिकवणाऱ्याच्या बाजूला ब्रेक असतो, पण ॲक्सिलरेटर नसतो, याचं इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाईट वाटलं.

भावोजींना नमस्कार. तुझी माया आहे म्हणून एवढ्या उड्या मारतो, ती अशीच राहू दे.

तुझा धाकटा,
मास्तर

&nbsp;

९ एप्रिल

चि. मास्तर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खुर्ची परत करून ये.

आता सविस्तर. तुझं पत्र मी दवाखान्यात दोन पेशंटांच्या मध्ये वाचलं आणि पुढच्या पेशंटची दाढ जरा जास्तच जोर लावून काढली. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. माझा गुडघा नवीन आहे, मी जुनी असले तरी. ज्या डॉक्टरांनी तो बसवला त्यांना मी काल मुद्दाम जाऊन विचारलं. दोरावर लटकायला, पाण्यात घसरायला त्यांची हरकत नाही. फक्त उंचावरून उडी टाकायची नाही. रोज सकाळी मी तलावावर पोहते हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, तरी माझं नाव आलं की तुम्हाला सावली आणि खुर्चीच सुचते.

मी तुझ्या गाइडबाईंना फोन केला. त्या आधी हसल्या. त्यांना आपल्या घरातून आलेला हा पाचवा फोन होता. ठिणगीने फोन करून आईबाबांच्या वयाची काळजी सांगितली होती. ह्यांनी, मला न सांगता, माझा गुडघा सांगितला होता. तुझ्या बायकोने ह्यांचा चष्मा सांगितला होता, की तो काढला तर समोरचा माणूस आहे की खांब हे ह्यांना कळत नाही. आणि तू तर सगळ्यांनाच पैलवान करून ठेवलं होतंस. गाइडबाई म्हणाल्या की या फोनांवरून त्यांची समजूत अशी झालीय, की तुमच्याकडे प्रत्येक जण स्वतः ठणठणीत आहे आणि बाकीच्या चौघांना घरी ठेवलेलं बरं.

खरंच आहे रे ते. आपल्या घरात कधी कुणाला थंडी वाजलीय? नेहमी दुसऱ्याला वाजत असेल म्हणून खिडकी लावली जाते.

मग मी त्यांना नीट विचारून घेतलं. वरच्या घळीत पहिलाच उतार धबधब्याच्या शेजारून, एखाद्या मोठ्या इमारतीएवढा. शेवटचा माणूस उतरला की दोर ओढून घेतात. त्यानंतर मागे फिरणं नाही, बाजूला निघणं नाही, थेट तळापर्यंत जायचं. रडत गेलात तरी जायचं. खालची घळ लहान मुलांची, पाणी गुडघाभर. मधलीत दोन दोर आहेत, पहिला बेताचा, दुसरा चांगला उंच. उड्या आहेत, पण प्रत्येक उडीशेजारी दोर लावता येतो. आणि दुसऱ्या दोराच्या आधी उजव्या हाताला एक पायवाट थेट खाली पिशव्यांपर्यंत जाते. त्या म्हणाल्या, सहल ठरवताना चित्राकडे बघायचं नसतं, आपल्यातला कोण कुठे अडकेल तिकडे बघायचं असतं. मला बाई आवडल्या.

तेव्हा मधली घळ, आणि मी तुमच्यासोबत आत. विचार करून लिही. सिग्नलच्या बाईंना माझा नमस्कार सांग, खात्री करून घेणारी माणसं मला आवडतात.

राग नाही, पण खुर्ची खरंच परत कर.

तुझी ताई

&nbsp;

१५ एप्रिल

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. दुकानात आता गिऱ्हाईक नाही, म्हणून औषधांच्या कपाटाआड स्टुलावर बसून लिहिते आहे.

तुमचं पत्र आल्यापासून हे गप्प गप्प आहेत. म्हणजे बोलतात पुष्कळ, पण वरच्या घळीबद्दलच. मला राहवत नाही म्हणून सांगते, ताई. यांना उंचीची भीती आहे. थोडीथोडकी नाही. लग्नानंतर वर्षभरात माझ्या लक्षात आलं आणि तेव्हापासून मी काहीच लक्षात न आल्यासारखं वागते. घरातले बल्ब मी बदलते, कारण यांना नेमकं तेव्हाच महत्त्वाचं काम निघतं. गच्चीवर कपडे वाळत घालायला सांगितलं की फोन येतो. नव्या हॉस्पिटलातली ती काचेची लिफ्ट तुम्ही पाहिली आहे ना? तुमच्या ऑपरेशनच्या वेळी त्यातून रोज वर यायचे, तेव्हा बाहेर पाठ करून दारावरची सूचना वाचत उभे असायचे. ती सूचना त्यांना पाठ आहे.

मग वरची घळ कशाला ठरवली, हे तुम्ही विचाराल. मला वाटतं, सगळ्यात अवघड ठरवली की कुणाला शंका येत नाही म्हणून.

माझी एक विनंती आहे. तुम्ही त्यांना लिहा, की गुडघा पुन्हा दुखायला लागलाय आणि डॉक्टर नको म्हणतात. म्हणजे तुमच्यासाठी म्हणून हे खालच्या घळीला चटकन तयार होतील, वर आपण किती समजूतदार आहोत असंही त्यांना वाटेल. तुम्ही मोठ्या आहात, तुमच्या नावावर हे खपून जाईल. तेवढा गुडघा उसना द्या.

ठिणगीला यातलं काही माहीत नाही. चुकलं असेल तर पोटात घाला, पण माझ्यावर रागावून पत्र बंद करू नका.

तुमची,
मास्तरीणबाई

&nbsp;

२० एप्रिल

चि. सौ. मास्तरीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. पण गुडघा देणार नाही.

तू मागितलंस ते प्रेमाने मागितलंस, हे मला कळतं. आता माझी बाजूही ऐक. ऑपरेशनच्या आधी काही वर्षं तो खरंच दुखत होता, तेव्हा मी आपण होऊन मागे बसत होते. समुद्रावर गेलो, मी चपला सांभाळल्या. टेकडी चढलो, मी पायथ्याशी. ठिणगीला पोहण्याच्या शर्यतीत पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा मी तिच्या टॉवेलावर बसले होते, कुणी उचलून नेऊ नये म्हणून, आणि माझ्यापुढे उभ्या असलेल्या माणसांच्या पाठी बघत होते. मग गुडघा बदलला. दुखणं गेलं, पण माझी जागा काही बदलली नाही. आता हा एक खोटा निरोप मी दिला तर यापुढे मरेपर्यंत पिशव्यांपाशीच बसेन, आणि तेही स्वतःच्या सहीने. मला आत जायचंय गं. मला फार जायचंय. हे मी एवढं स्पष्ट अजून ह्यांनाही सांगितलेलं नाही.

मास्तरची भीती मला नवी नाही. मी आयुष्यभर माणसांना खुर्चीत बसवत आले. जो बसताना विनोद करतो, नर्सची थट्टा करतो, घाई करा म्हणतो, त्याचेच हात खुर्चीच्या दांड्याला घट्ट असतात. त्याला घाबरू नका म्हणायचं नसतं. फक्त आधी सांगायचं, की दुखलं तर हात वर करा, मी थांबेन. बहुतेक जण हात वर करतच नाहीत. पण करता येतो, एवढं कळलं की तोंड उघडतात.

म्हणून खालची नको आणि वरची तर नकोच. मधलीच. तिथली ती उजव्या हाताची पायवाट मी त्याच्यासाठी निवडलीय. त्याने आज काही कबूल करायची गरज नाही. आत गेल्यावर हात वर करावासा वाटला तर वाट आहे.

एक मात्र करूया. गाइडबाईंना आता प्रत्येकाने फक्त स्वतःबद्दल फोन करायचा. दुसऱ्याचं एक अक्षर नाही. तूसुद्धा ह्यांच्या चष्म्याबद्दल बोलायचं नाहीस. ते तो दोरीने बांधून येणार आहेत.

दुकानात बसून मान मोडून लिहू नकोस. तुझ्या माणसाला जपतेस, त्यातलं थोडं स्वतःलाही जप.

तुझी,
ताई

&nbsp;

२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बरं. मधली.

तुझा हट्ट म्हणून नव्हे, भावोजींच्या चष्म्याचा विचार करून मी हा निर्णय घेतला. वरच्या घळीत धबधब्याचे तुषार उडतात, काचा धूसर होतात, आणि मग माणसाला काही दिसलं नाही तर मजा काय? शिवाय ठिणगीचा घोटा मागे मुरगळला होता. तिला आठवत नाही म्हणते, पण बापाला आठवतं.

तुझ्या नियमाप्रमाणे गाइडबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, उंचीचं काय? मी म्हटलं, उंचीचं काय असणार, उंची आपल्या जागी, आपण आपल्या जागी. त्या म्हणाल्या, ठीक आहे, त्या दुसऱ्या दोरापाशी थोडा वेळ थांबू, घाई नसते. मी म्हटलं, माझ्यासाठी थांबू नका. त्यांनी सगळ्यांच्या पोशाखाची मापं घेतली. पोटाचं माप मी जरा कमी सांगितलं, त्यांनी पोशाख एक माप मोठा ठेवते म्हणून सांगितलं. बाई हुशार आहेत, पण आगाऊ.

खुर्ची दुकानदार परत घेत नाही. गाडीत पडू दे. उपयोगी पडेल.

सिग्नलच्या बाई परीक्षेत पास झाल्या. मला हार घालणार होत्या, मी मिठाईवर आणलं.

लवकर भेटूच. तोवर माझ्यावर डोळा ठेवून राहा, लहानपणापासून ठेवतेसच.

तुझा,
मास्तर

&nbsp;

८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परत येऊन दोन दिवस झाले, तरी कानातलं पाणी गेलेलं नाही. घरात कुणी काही विचारलं तर मी तिसऱ्यांदा ऐकतो. ही म्हणते, त्यात नवीन काही नाही.

तुला सगळं लिहायचं ठरवलंय. गाडीत येताना सगळे एकाच वेळी बोलत होते आणि मी चालवत होतो, तेव्हा राहिलं.

पहिला दोर मी उतरलो, हे तू पाहिलंस. पण डोळे मिटून उतरलो आणि उजव्या पायाने सारखा खडक दाबत होतो, हे तुला दिसलं नसेल. ब्रेक शोधत होतो. मग ती घसरण, ते दोन डोह. भावोजी चष्मा दोरीने बांधून डुबकी मारत होते, सीलसारखे. मला वाटलं, जमतंय की. मग दुसरा दोर आला.

मी कड्याच्या काठाशी गेलो, खाली एकदाच बघितलं, आणि दोन पावलं मागे सरकलो. गाइडबाईंनी विचारलं, तयार? आणि माझ्या तोंडात काय आलं असेल, सांग. आलं, की ताईला जमणार नाही, तिचा गुडघा आहे, मी तिच्याबरोबर वाटेने जातो. अगदी जिभेवर होतं. पण तू तर खाली पोचली होतीस. सगळ्यांच्या आधी उतरलीस आणि तळाशी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून वर बघत होतीस. म्हटलं, मग भावोजी. ते अर्ध्या दोरावर, गाणं म्हणत. ठिणगी माझ्या मागे तिचा नंबर कधी लागेल म्हणून नाचत होती, हिने तर आधीच दोराची कडी अडकवून घेतली होती. ताई, घ्यायला एकाचंही नाव शिल्लक नव्हतं.

तेव्हा मी म्हटलं, मला जमणार नाही. मला भीती वाटते. हे असं पहिल्यांदाच म्हटलं बहुतेक, कारण ठिणगी नाचायची थांबली. हिने माझ्या हेल्मेटवर दोनदा टकटक केलं. गाइडबाईंनी बरं एवढंच म्हटलं, जसं काही मी किती वाजले ते सांगितलंय. दुसरा गाइड मला उजव्या हाताच्या वाटेने घेऊन आला. वरच्या घळीत असतो तर दोर ओढल्यावर माझं काय झालं असतं, याचा विचार मी झोपताना करत नाही.

मग मी पिशव्यांपाशी बसलो. त्याच खुर्चीत. पेला ठेवायच्या जागेत किल्ल्या ठेवल्या.

तिथून काही दिसत नाही, तुला ठाऊकच असेल. आतून फक्त ओरडणं ऐकू येतं आणि ते आनंदाचं की कुणाला काही झालं म्हणून, हे कळायला मार्ग नाही. मी तीनदा उठलो. पिशव्या सोडून जाता येईना. सगळ्यांच्या पिशव्या नीट लावल्या, टॉवेल काढून घड्या मोडून ठेवले, परत आत घातले. आणि तुम्ही आलात. भिजलेले, एकमेकांच्या अंगावर रेलून हसत, जे मी पाहिलं नव्हतं त्याबद्दल बोलत. ही केस पुसत म्हणाली, कंटाळा तर नाही ना आला? मी तोंड उघडेपर्यंत ती ठिणगीकडे वळली होती. मग भावोजींनी तेच विचारलं आणि चष्मा पुसायला घेतला. ठिणगीनेही विचारलं. सगळ्यांनी प्रेमाने विचारलं आणि उत्तराला कुणी थांबलं नाही. फक्त तू विचारलं नाहीस. तू माझ्या हातातून टॉवेल घेतलास आणि शेजारी मातीत बसलीस.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. समुद्रावर, टेकडीवर, ठिणगीच्या शर्यतीला, मीही तुला हेच विचारत आलो. म्हणून आता नीट विचारतो आणि थांबतो. ताई, तुला कंटाळा यायचा का?

उत्तर सावकाश दे. माझी माया आहेच, तिला खुर्ची लागत नाही.

तुझा धाकटा,
मास्तर

&nbsp;

१३ जून

चि. मास्तर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. सीलचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. गाणं म्हणत होतो हे त्यांना मान्य नाही. ते म्हणतात, मोजत होतो.

तू पुढे आला नाहीस, म्हणून राहिलेलं सांगते. दुसऱ्या दोरानंतर घळ इतकी अरुंद होते की दोन्ही हात पसरले तर दोन्ही कडे हाताला लागतात. वर आभाळाची एक पट्टी. पाणी थंड आणि हिरवं. मग एक उडी होती. बाकीचे उड्या टाकून मोकळे झाले आणि मी ठरल्याप्रमाणे शेजारच्या दोराने उतरले. मोह झाला होता, खोटं कशाला सांगू. पण मी स्वतःच्या तोंडाने गाइडबाईंना उडी नाही म्हणून सांगितलेलं, ते पाळलं. आणि शेवटी ती लांब घसरण. मास्तर, मी ओरडले. जे ओरडणं ऐकून तू खुर्चीतून उठलास ना, त्यातलं सगळ्यात मोठं माझं होतं. डोहात पडले, वर आले, आणि खडकाला धरून नुसती हसत राहिले. दात काढणारी बाई दात काढून. किती वर्षांनी तुम्हा सगळ्यांसोबत माझेही केस ओले होते आणि टॉवेल दुसऱ्या कुणापाशी होता.

डॉक्टरांना गुडघा दाखवून आले. त्यांचं म्हणणं, हा तर तुमच्यापेक्षा चांगल्या स्थितीत आहे. गाइडबाईंचाही फोन आला होता. तुझी चौकशी केली. म्हणाल्या, दर आठवड्याला असा एक तरी माणूस त्या वाटेने जातो, पण तोंडाने सांगून जाणारे फार थोडे. बाकीच्यांना म्हणे बूट चावतात. मला तुझा अभिमान वाटला. तू दोर उतरला असतास तर वाटला असता त्याहून जास्त वाटला.

पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ, तीच घळ. तुला पहिल्या दोरापर्यंत यायचं असेल तर ये, दुसऱ्यापर्यंत यायचं असेल तर ये, वाट कुठे पळून जात नाही. खुर्ची मात्र विकू नकोस. आता तिच्यावर आळीपाळीने बसायचं, जो दमेल, जो घाबरेल, किंवा ज्याला नुसतं बसावंसं वाटेल त्याने. स्वतःच्या नावावर.

मास्तरीणबाईला सांग, बल्ब आता उघडपणे तिनेच बदलावेत.

आणि तू थांबलायस, म्हणून सांगते. हो रे. यायचा. फार यायचा.

तुझी,
ताई